आधी आच, मग गारवा

ऑगस्टचा मध्य आला की उत्तर इटलीतल्या लांगे टेकड्यांवर हेझलनट गळायला लागतात. झाडावर कुणी चढत नाही, फांद्या झोडपत नाही. फळ पिकलं की आपण होऊन हिरव्या टोपणातून सुटतं आणि खाली पडतं. मग ते जमिनीवरून गोळा करायचं. लहान बागांमध्ये माणसं अजून वाकून वेचताना दिसतात. मोठ्या बागांमध्ये फळं ओढून घेणारी यंत्रं फिरतात आणि सगळ्या उतारावर धूळ नि पाचोळा उडत राहतो. नंतर वाळवण. नीट वाळलेला दाणा कवचासकट कानाशी धरून हलवला की आत खुळखुळतो.

मी तुरिनला राहते. तिथून आल्बा गाडीने तासाभरावर आहे. आल्बाच्या पुढे कोर्तेमिलियाकडे चढायला लागलं की बारोलो आणि बार्बारेस्कोचे नावाजलेले द्राक्षमळे मागे पडतात, हवा गार होते आणि दोन्ही बाजूंना हेझलनटच्या रांगा सुरू होतात. झाड म्हणजे खरं तर उंच झुडूपच, बुंध्यापासून पाचसहा खोडं फुटलेलं. या भागातली जात तोंदा जेंतीले. दाणा गोल, कवच पातळ, आणि भाजल्यावर तांबडी साल हाताने चोळली तरी सुटते. मिठाईवाल्यांचा तिच्यावर जीव आहे तो या सालीमुळे आणि वासामुळे. पिएमोंते हा इथला प्रांत; 'पिएमोंतेचं हेझलनट' या नावाला 1993 पासून भौगोलिक मानांकन आहे. जगातले निम्म्याहून जास्त हेझलनट तुर्कस्तानात होतात, इटलीचा वाटा त्यामानाने लहान. तरी इथले लोक या दाण्याबद्दल जितकं बोलतात तितकं दुसऱ्या कुठल्या पिकाबद्दल बोलताना मी ऐकलेलं नाही.

या दाण्याचा एक गोठवलेला पदार्थ इथल्या जवळजवळ प्रत्येक खाणावळीत मिळतो: सेमीफ्रेड्डो आल्ले नोच्चोले. वडीच्या साच्यात गोठवून जाड काप काढलेला, वर कॅरॅमलमधल्या दाण्यांचा चुरा. घरीही सर्रास करतात. मला तो आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिन्योरांनी शिकवला. त्या कोर्तेमिलियाजवळच्या एका वाडीत वाढल्या आणि लग्न होऊन तुरिनला आल्या. वजनकाटा वापरतात, पण भाजण्याच्या वेळी घड्याळाकडे बघत नाहीत.

या पदार्थाची ओळख हल्ली 'मशीनशिवाय आइस्क्रीम' अशी करून दिली जाते. त्यामुळे करणाऱ्याचं सगळं लक्ष फ्रीझरकडे जातं. किती तास ठेवायचं, किती अंशांवर, मधे ढवळायचं का. फ्रीझरचं काम यात सगळ्यात कमी आहे. ओव्हनमध्ये दाणे भाजताना, पातेल्यात पाक चढताना आणि भांड्यात हवा भरताना हा पदार्थ चांगला किंवा वाईट ठरून जातो. फ्रीझर त्याला फक्त जागच्या जागी धरून ठेवतो.

यंत्र का लागत नाही ते समजून घेतलं तर पुढची कृती पाठ करावी लागत नाही. लहानपणी ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमचा पॉट फिरवला आहे त्यांना अर्धं उत्तर ठाऊक आहे. लाकडी बादली, मधे डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि पाळीपाळीने हँडल फिरवणारी भावंडं. ते फिरवणं दोन कामं करायचं. डब्याच्या आतल्या बाजूला गोठणारा थर सतत खरवडला जायचा, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होत नसत. आणि दुधात थोडी हवा मिसळायची. दूध न फिरवता तसंच गोठवलं तर त्यातलं पाणी सावकाश गोठतं, कण एकमेकांना चिकटून वाढतात आणि दाताखाली कचकच लागते. जेलातोचं, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचं यंत्रही पॉटचंच काम करतं, विजेवर.

सेमीफ्रेड्डोत ही दोन्ही कामं गोठवायच्या आधी उरकलेली असतात. हवा अंड्याच्या बलकात आणि क्रीममध्ये फेटून भरलेली असते. लाखो बुडबुडे, त्यांच्याभोवती चरबीचं आणि पाकाचं पातळ आवरण. बर्फाच्या कणाला वाढायला सलग पाणीच सापडत नाही. शिवाय मुळात पाणी कमी. मी देते आहे त्या प्रमाणात पाणी एकूण वजनाच्या साधारण एक तृतीयांश भरतं. दुधाच्या आइस्क्रीममध्ये ते निम्म्याहून खूप जास्त असतं. उरलेलं काम साखर करते. साखर विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, आणि जसजसा बर्फ होत जातो तसतसा उरलेला पाक अधिक दाट होऊन गोठायला नकार देतो. म्हणून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमधून काढलेल्या सेमीफ्रेड्डोत थोड्या वेळाने सुरी सहज जाते.

पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी 1891 साली फिरेंत्सेत (फ्लॉरेन्समध्ये) स्वतःच्या खर्चाने छापलेल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात 'पेत्सो इन जेलो' म्हणून एक कृती आहे. बलक, साखर, फेटलेलं क्रीम, सगळं साच्यात भरायचं आणि साचा बर्फ-मिठात पुरायचा. आजचा सेमीफ्रेड्डो त्याच घराण्यातला. पुढे इटलीत घरोघरी फ्रीज आले आणि बर्फ-मीठ गेलं, एवढाच फरक.

आता भाजणं. इथे मी रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

गारव्यात चव मंदावते. जिभेवर गोडाची जाणीव पोचवणाऱ्या पेशींमध्ये एक वाहिनी असते, ती उष्णतेत जास्त आणि थंडीत कमी काम करते. वासाचंही तसंच. वास म्हणजे हवेत उडणारे रेणू, आणि थंड पदार्थातून ते कमी उडतात. म्हणजे गोठवायच्या पदार्थात चव आधीच ठासून भरलेली पाहिजे. साच्यात ओतण्यापूर्वी मिश्रणाचं बोट चाटून बघितलं तर ते जरा जास्तच गोड, जरा जास्तच दाण्याचं लागायला हवं. तिथे ते अगदी बरोबर लागलं तर गोठल्यावर फिकं लागणार.

कच्च्या हेझलनटला फारसा वास नसतो. चावला तर थोडा दुधाळ, थोडा तुरट. दाण्यात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्याबरोबर प्रथिनं आणि थोडी साखर. आच लागली की प्रथिनं नि साखर एकमेकांत मिसळून शेकडो नवे सुगंधी रेणू तयार होतात, आणि हेझलनटचा म्हणून जो खास वास आहे त्याच्यामागचा फिल्बर्टोन नावाचा रेणू भाजताना कितीतरी पटींनी वाढतो. न भाजलेल्या दाण्याचा सेमीफ्रेड्डो म्हणजे गोड गार साय.

ओव्हन 160 अंशांवर तापवायचा. दाणे ताटात एका थरात पसरायचे, एकावर एक नकोत. बारा ते अठरा मिनिटं लागतात. दाणा लहान असेल तर लवकर, जुना असेल तर आणखी लवकर. सिन्योरा घड्याळ बघत नाहीत म्हणाले, ते यासाठी. आठदहा मिनिटांनी आधी भिजल्या लाकडाचा वास येतो. तो उडून गेला की भाजलेल्या पिठाचा येतो. मग साल तडकल्याचा बारीक आवाज सुरू होतो आणि वास एकदम गोडाकडे वळतो. त्या क्षणी त्या एक दाणा काढून सुरीने मधोमध कापतात. बाहेरून किती तांबूस झालाय याला त्यांच्या लेखी किंमत नाही. दाण्याच्या पोटात एक लहानशी पोकळी असते, तिच्या कडा बघायच्या. त्या पांढऱ्या असतील तर आणखी दोन मिनिटं. फिकट सोनेरी झाल्या असतील तर ताट बाहेर. कडा तपकिरी दिसल्या तर उशीर झाला, कडवटपणा आला. ताट बाहेर काढल्यावरही दाणे स्वतःच्या तेलात भाजत राहतात, म्हणून लगेच गार ताटात ओतायचे.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाची कढई घ्यावी आणि आच अगदी मंद ठेवावी. हात सतत हलता हवा. वेळ जास्त लागतो. पोट भाजलं जाण्यापूर्वी बाहेरून डाग पडू नयेत एवढंच सांभाळायचं. कढईतून उतरवून कापून बघायची खूण तीच.

गरम दाणे जाड पंचात बांधून पाच मिनिटं ठेवायचे आणि मग दोन्ही हातांनी रगडायचे. बहुतेक साल निघते. चार ठिकाणी चिकटून राहिली तर राहू द्यावी. तेवढ्या तुरटपणाने गोडाला धार येते.

साधारण आठ-दहा जणांसाठी माझं प्रमाण असं: सोललेले, भाजलेले हेझलनट 200 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, चार अंड्यांचे बलक, 400 मिली व्हिपिंग क्रीम, 35 मिली पाणी, दोन चिमूट मीठ. दाण्यांपैकी 120 ग्रॅम पेस्टला आणि 80 ग्रॅम कॅरॅमलला. साखर निम्मी पाकाला, निम्मी कॅरॅमलला.

पेस्ट मिक्सरमध्ये होते, पण सबुरीने. आधी भरड होते, मग बारीक कूट, मग तो कूट ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटून बसतो. बरेच जण इथे थांबतात किंवा दूध घालतात. दूध अजिबात घालू नये. कडा खरवडून पुन्हा फिरवायचं, मिक्सर तापला की दहा मिनिटं बंद ठेवायचा, पुन्हा फिरवायचं. एका टप्प्यावर दाणा तेल सोडतो आणि घट्ट गोळा बघता बघता सरसरीत होतो. चमच्यावरून धार धरून खाली पडली पाहिजे. मीठ इथेच घालायचं. दाण्याच्या चवीला मीठ जितकं उठाव देतं तितकं व्हॅनिला कधीच देत नाही. व्हॅनिला यात मी घालत नाही. ज्या दाण्याचा वास काढायला एवढी मेहनत घेतली त्यावर दुसरा वास कशाला?

कॅरॅमलमधल्या दाण्यांना इथे क्रोक्कांते म्हणतात. आपल्या चिक्कीची ही सख्खी बहीण, गुळाऐवजी साखरेची. 100 ग्रॅम साखर कोरड्या पातेल्यात मंद आचेवर वितळू द्यायची, चमचा न घालता, पातेलं फिरवून. रंग गडद मधाचा झाला की 80 ग्रॅम कोमट दाणे आत टाकायचे. दाणे गार असले तर साखर आकसून गुठळ्या होतात. दोनदा ढवळून लगेच तेलाचा हात लावलेल्या ताटात. सिन्योरा ते पसरवायला अर्धं लिंबू वापरतात. कापलेली बाजू खाली धरून गरम थरावर दाबत नेतात. लिंबाच्या रसामुळे साखर चिकटत नाही, हात भाजत नाही, आणि वरच्या थराला सालीचा किंचित वास लागतो. इटलीत ही जुनी रीत आहे. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी लाटणं बाजूला ठेवलं आणि पुन्हा कधी घेतलं नाही.

गार झाल्यावर दोन तृतीयांश कुटून जाडसर चुरा करायचा, उरलेले तुकडे हवाबंद डब्यात वाढायच्या वेळेसाठी. साखरेचं कॅरॅमल हवेतलं पाणी ओढतं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात उघडं राहिलं तर तासाभरात चिकट होईल. सेमीफ्रेड्डोच्या आतही चुऱ्यातला बारीक भाग हळूहळू विरघळतो आणि आसपास कॅरॅमलच्या रेघा उमटतात. त्या उमटायलाच हव्यात. जाडसर कण मात्र कुरकुरीत टिकतात.

पाकाकडे वळते. आपल्याकडे एकतारी, दोनतारी, गोळीबंद असा पाक बोटांनी ओळखणाऱ्या बायका घरोघर होत्या, अजूनही आहेत, आणि त्यांना इथे थर्मामीटरची गरज नाही. 100 ग्रॅम साखर, 35 मिली पाणी, आणि पाक गोळीबंद, म्हणजे 118 ते 121 अंशांच्या दरम्यान. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला की बोटांनी वळता येईल अशी पक्की गोळी झाली पाहिजे. पाक उकळत असतानाच दुसरीकडे बलक फेटायला सुरुवात करायची. पाक तयार झाला की फिरत्या फेटणीच्या तारा आणि भांड्याची कड यांच्या मधल्या जागेत त्याची बारीक धार सोडायची. तारांवर पडला तर उडून कडेला काचेसारखा थिजतो, एका जागी ओतला तर बलक शिजून गुठळ्या होतात.

या पाकाने बलक बराच शिजतो, पण पुरेसा शिजलाच असेल असं नाही. घरात लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा गरोदर बाई असेल तर भांडं वाफ येणाऱ्या पाण्यावर धरून, हात न थांबवता, मिश्रण 71 अंशांपर्यंत न्यावं. मी आता ते नेहमीच करते. त्यानंतर खाली उतरवून फेटत राहायचं, भांड्याचं बूड हाताला गार लागेपर्यंत. मिश्रण तिपटीने फुगतं, रंग पिवळ्याचा फिकट सायीसारखा होतो, आणि फेटणी उचलली की पडणारी जाड पट्टी क्षणभर पृष्ठभागावर तशीच दिसत राहते. बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं या बुडबुड्यांना धरून ठेवतात. इथे घाई केली आणि मिश्रण कोमट राहिलं तर पुढे क्रीम वितळतं.

क्रीमची कहाणी मला पुण्यातल्या ताईमुळे नीट कळली. तिने मी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं आणि फोन केला.

"अगं, अर्धा तास फेटतेय, फुगतच नाहीये."

"ताई, पाकिटावर फॅट किती लिहिलंय बघ."

पंचवीस टक्के होतं. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारं फ्रेश क्रीम बहुधा एवढंच असतं. भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये उत्तम, पण ते फुगत नाही. फेटताना चरबीचे कण एकमेकांना अर्धवट चिकटून बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. त्यासाठी चरबी निदान तीस टक्के हवी, पस्तीस असली तर उत्तम. इटलीत दुकानात मिळणारं फेटायचं क्रीम साधारण पस्तीसचंच असतं, म्हणून इथल्या कृतींमध्ये आकडा लिहिलेलाही नसतो. भारतातही आता दुधाचं व्हिपिंग क्रीम मोठ्या शहरांत मिळतं. पाकिटावर 'डेअरी' आणि फॅटचा आकडा दोन्ही वाचून घ्यावं. केकवाल्यांकडचं वनस्पती तेलाचं क्रीम पटकन फुगतं, उन्हात टिकतं, पण तोंडात वितळत नाही, टाळूला थर धरून बसतं आणि दाण्याची चव त्या थराखाली अडकते. ते वापरून सेमीफ्रेड्डो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा त्या दिवशी बासुंदी करावी. घरच्या म्हशीच्या दुधाची साठवलेली साय चवीला कितीही छान असली तरी या कामाची नाही. ती तापवलेल्या दुधावरची, गुठळीदार असते, आणि फेटली की लोण्याकडे जाते.

क्रीम, भांडं आणि फेटणी तिन्ही फ्रीजमधून थेट बाहेर काढलेली हवीत. पुण्याच्या एप्रिलमध्ये भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटावं. किती? फेटणी उचलली की टोक वर येऊन लगेच वाकलं पाहिजे. टोक ताठ उभं राहिलं तर जास्त झालं; पुढे मिसळताना आणखी घट्ट होईल आणि जिभेला लोण्याचे कण लागतील.

मिसळायचा क्रम: आधी दाण्याच्या पेस्टमध्ये बलकाचं थोडं मिश्रण घालून ती सैल करायची. घट्ट, जड पेस्ट तशीच हलक्या मिश्रणात टाकली तर ती बुडाला बसते आणि वर आणेपर्यंत निम्मी हवा गेलेली असते. मग बलकाचं उरलेलं मिश्रण, मग क्रीम तीन वेळा करून. मोठ्या चपट्या चमच्याने खालून वर, भांडं फिरवत, हलक्या हाताने. शेवटी क्रोक्कांतेचा चुरा. एवढं फेटून कमावलेली हवा या दोन मिनिटांत टिकते किंवा जाते.

साचा म्हणजे पावाचा लांबट टिन पुरे. आत प्लास्टिकचा कागद कडांबाहेर लोंबेल असा लावायचा, मिश्रण ओतून टिन एकदा हलकेच आपटायचा, वरून कागद टेकवून झाकायचं. फ्रीझरमध्ये सगळ्यात मागे, भिंतीला लागून. दारात नको, दार उघडबंद झालं की तिथलं तापमान वरखाली होतं आणि वितळून पुन्हा गोठणारं पाणी मोठे कण करतं. आठ तास किंवा रात्रभर. फ्रीझरबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

ताईच्या सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी बलक आणि पाक दोन्ही वगळून 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घेते ती. त्यातली साखर जवळपास पाकाइतकीच भरते आणि आटवलेल्या दुधातली प्रथिनं थोडं बलकाचं काम करतात. पोत जरा जड येतो आणि चवीत दुधाचा वाटा वाढतो, म्हणून दाणे अर्धा मिनिट जास्त भाजून घ्यावेत आणि मिठाची आणखी एक चिमूट घालावी. सासूबाईंना आवडतो. मलाही आवडला, फक्त तो वेगळा पदार्थ आहे हे मान्य करून खाल्ला तर.

पुण्यात हेझलनट महाग, म्हणून तिने मला काजूचं विचारलं. काजूची पेस्ट फार सुरेख होते, गुळगुळीत. पण काजूचा वास मुळात मवाळ, आणि गोठल्यावर तो शोधावा लागतो. बदाम सालीसकट गडद भाजून घेतले तर मात्र उत्तम, आणि त्याला इटलीतच आधार आहे. सिसिलीत बदामाचा सेमीफ्रेड्डो करतात, पालेर्मोत त्यावर गरम चॉकलेट ओतून देतात. एत्ना ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावर ब्रोंते गाव आहे, तिथे पिस्त्याचा. ब्रोंतेचं पीक एका वर्षाआड काढतात. पिस्ता भाजायचा नाही, फार तर कोमट होऊ द्यायचा. आच लागली की हिरवा रंगही जातो आणि त्याच्याबरोबर पिस्त्याचा खास वासही. कृती तीच, दाण्यागणिक आचेचा हिशोब बदलतो.

राहिलं चॉकलेट. पिएमोंतेत हेझलनट नि चॉकलेटचं नातं टंचाईतून जुळलेलं आहे. नेपोलियनने 1806 साली ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, कोको दुर्मीळ झाला, आणि तुरिनच्या चॉकलेटवाल्यांनी त्यात जवळच्या टेकड्यांवरचा दाणा मिसळून तो पुरवायला सुरुवात केली असं इथे सांगतात. 1865 च्या कार्निव्हलमध्ये जांदुयोत्तो ही होडीच्या आकाराची वडी लोकांसमोर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा कोकोची टंचाई, पुन्हा हेझलनट: आल्बाचे मिठाईवाले प्येत्रो फेर्रेरो यांनी 1946 साली पावाबरोबर कापून खायची एक स्वस्त वडी काढली. तिचीच पुढची पिढी म्हणजे 1964 सालची न्युटेला. हे सगळं खरं, आणि मला प्रिय आहे. तरी सेमीफ्रेड्डोच्या मिश्रणात चॉकलेट किंवा न्युटेला घालू नये. तिथे दाण्याला एकट्याला बोलू द्यावं. चॉकलेट हवंच असेल तर कडू चॉकलेट थोड्या क्रीममध्ये वितळवून वाढताना गरमगरम बाजूला द्यावं. रमही चालते, दोन चमचे. त्याहून जास्त घातली तर मद्यामुळे गोठणबिंदू इतका खाली जातो की वडी काप धरत नाही.

वाढण्याआधी टिन पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये आणून ठेवावा, ओट्यावर नाही. ओट्यावर कडा वितळतात आणि मधला भाग दगड राहतो. कागद धरून वडी बाहेर उचलायची, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, बोटभर जाड काप काढायचे, वर क्रोक्कांतेचे राखून ठेवलेले तुकडे. दोन आठवडे चव चांगली राहते. त्यानंतर फ्रीझरमधल्या इतर वस्तूंचा वास धरायला लागतो.

चार अंड्यांचे पांढरे उरलेले असतात. ते साखर घालून घट्ट फेटायचे, त्यात भाजलेल्या हेझलनटची भरड मिसळायची आणि पातेल्यात मंद आचेवर, मिश्रण कडा सोडेपर्यंत परतायचं. चमच्याने ताटात ओबडधोबड ढीग घालून 150 अंशांवर अर्धा तास. ही ब्रुत्ती मा ब्वोनी नावाची बिस्किटं. दिसायला वेडीवाकडी, खायला खुसखुशीत. सिन्योरा सेमीफ्रेड्डो गोठत असतानाच ती करून डब्यात भरतात. पाहुण्यांना आधी तीच मिळतात, कॉफीबरोबर.